चारशे बारा कॅलरींची वही

ताई, नमस्कार.

मी ५३ वर्षांची, राजेंद्रनगरात राहते. उंची पाच फूट दोन इंच, वजन सध्या ६८.५ किलो. सकाळी रक्तदाबाची एक गोळी घेते, बाकी त्रास नाही. गेले आठ महिने आठवड्यातून पाच दिवस सकाळी टीव्हीवर व्हिडिओ लावून व्यायाम करते. ३५ मिनिटांचा आहे, उड्या नाहीत. व्हिडिओवर लिहिलंय, ‘५०० कॅलरी जाळा’. मुलाने बंगळुरूला नवं घड्याळ घेतलं तेव्हा जुनं मला दिलं, ते ४१२ दाखवतं. मोबाइलवर एके ठिकाणी वजन आणि मिनिटं भरली तर १६० आले. यातलं खरं कोणतं मानायचं?

मी वहीत रोज घड्याळाचा आकडा लिहिते. आठवड्याला दोन हजार धरले तर आतापर्यंत जवळजवळ नऊ किलो उतरायला हवे होते, उतरलंय दीड किलो. रविवारी मात्र ‘दोन हजार जाळल्या’ म्हणून पोहे-जिलबी खाते. मध्यंतरी आठवड्यातून दोनदा डंबेल्सचा व्हिडिओ करत होते, पण त्यात घड्याळ दीडशेच्या वर जाईना, म्हणून सोडला. आणि हल्ली त्याच जुन्या व्हिडिओला ४६० च्या जागी ४१२ येतात, म्हणजे शरीर आळशी झालं का? यजमान म्हणतात, वही बंद कर. आठ महिने मी खोटंच लिहीत होते का? वहीच्या एका पानाचा फोटो सोबत पाठवते.

— एक वाचक, इंदूर

*

वही बंद करू नका. यजमानांना माझा नमस्कार सांगा आणि हेही सांगा, की आठ महिने रोज तारीख घालून लिहिलेली वही मी शाळेत ३१ वर्षं शारीरिक शिक्षण शिकवलं तेव्हा फार थोड्या जणींकडे पाहिली. व्यायाम सुरू करणाऱ्या पुष्कळ असतात. आठव्या महिन्यातही चालू ठेवणाऱ्या मोजक्या.

तुम्ही पाठवलेलं पान मी नीट वाचलं. कॅलरीच्या रकान्यात ४१२ आहे, त्याच्याखाली लाल शाईची रेघ. पण मला सगळ्यात मोलाचा वाटला तो शेवटचा, शेऱ्याचा रकाना. त्यात तुम्ही लिहिलंय : ‘मध्येच कचरागाडी आली, खाली जाऊन आले. मावशींना भाजी सांगितली. घड्याळ ४३ मिनिटं.’ या एका ओळीत तुमच्या बहुतेक प्रश्नांची उत्तरं आहेत, म्हणून तिच्याकडे पुन्हा पुन्हा येणार आहे.

आधी हे बघू, की कॅलरी मोजतात कशा. व्यायामात किती शक्ती खर्च झाली हे नेमकं कळायचं तर माणसाने किती प्राणवायू वापरला ते मोजावं लागतं. प्रयोगशाळेत तोंडावर मास्क लावून आत जाणारी आणि बाहेर येणारी हवा तपासतात. एक लिटर प्राणवायू खर्ची पडला की साधारण ५ कॅलरी वापरल्या, असा तो हिशेब. (आपण बोलताना ‘कॅलरी’ म्हणतो ती खरी किलोकॅलरी, म्हणजे एक किलो पाणी एका अंशाने तापवायला लागणारी उष्णता. वेष्टनावरही तीच असते.) तुमचं घड्याळ प्राणवायू मोजत नाही आणि व्हिडिओतल्या बाईंना तर तुम्ही दिसतही नाही. तिन्ही आकडे अंदाजच आहेत. फरक इतकाच, की कुणी तुमच्याविषयी किती माहिती घेऊन अंदाज बांधलाय.

‘५०० कॅलरी’वाला अंदाज सगळ्यात कच्चा. तो ४८ किलोच्या मुलीलाही तोच आणि ९५ किलोच्या माणसालाही तोच. काही वर्षांपूर्वी एका जिममध्ये मी ट्रेडमिलवर चढले, यंत्राने वजन विचारलं नाही, वय विचारलं नाही, आणि अर्ध्या तासाने ३०० चा आकडा झळकवला. शेजारच्या यंत्रावर माझ्या दीडपट वजनाचे गृहस्थ होते, त्याच वेगाला त्यांनाही जवळपास तेवढेच. वजन न विचारता सांगितलेली कॅलरी वहीत लिहूच नका.

मोबाइलवर आलेला १६० चा आकडा कुठून आला ते सांगते, कारण ती रीत तुम्हाला कागदावरही करता येईल. स्वस्थ बसलेलं असताना शरीर जेवढी शक्ती वापरतं तिला १ धरायचं. याला ‘मेट’ म्हणतात. मग प्रत्येक हालचाल त्याच्या किती पट, हे ठरवायचं. बार्बरा एन्सवर्थ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली अशा शेकडो हालचालींची यादी छापली आणि पुढे २०००, २०११ आणि २०२४ मध्ये ती सुधारली. त्या यादीत सपाट रस्त्यावर ताशी साडेचार-पाच किलोमीटरच्या चालण्याला सुमारे ३.५ मेट आहेत, आणि सूर्यनमस्कारांना ३.३. २०११ च्या यादीत टीव्हीवर व्हिडिओ लावून केलेल्या व्यायामाची वेगळी नोंदच आहे : ताण देणारी आसनं असतील तर २.३, मध्यम जोराचा व्यायाम असेल तर ४ आणि दम काढणारा असेल तर ६.

एक मेट म्हणजे दर किलो वजनामागे तासाला साधारण एक कॅलरी. म्हणून मेट गुणिले वजन गुणिले तास. तुमचं वजन ६८.५, मेट ४ आणि वेळ ३५ मिनिटं घातली की १६० येतात. मोबाइलने एवढंच केलं.

आता तुमच्या शेऱ्याचा रकाना उघडू. मावशींना भाजी सांगितली, म्हणजे व्यायाम चालू असताना तुम्ही पूर्ण वाक्यं बोलू शकत होता. मग ६ मेटचा विचार सोडा, ४ च बरोबर. पण ३५ मिनिटं सगळी ४ मेटची नव्हती. सुरुवातीची चारेक मिनिटं अंग मोकळं करण्याची आणि शेवटची पाच ताण देण्याची असतात. ती नऊ मिनिटं २.३ ने धरा, मधली २६ मिनिटं ४ ने. पहिल्या भागाच्या २४ कॅलरी, दुसऱ्याच्या ११९. एकूण १४३. ४३ मिनिटांतली उरलेली आठ मिनिटं कचरागाडीची. आपल्या शहरात गाडीचं गाणं वाजलं की हातातलं सगळं टाकून दोन डबे घेऊन पळावं लागतं, आणि ते योग्यच आहे, पण घड्याळाला ते कळत नाही. ते तुमच्या मनगटावर बसून मोजतच राहतं.

अजून एक वजाबाकी उरते, आणि ती जवळजवळ सगळे विसरतात. या ३५ मिनिटांत तुम्ही नुसत्या सोफ्यावर बसून असता, तरी ४० कॅलरी खर्च झाल्याच असत्या. हृदय, मेंदू, यकृत काही व्यायामाची वाट बघत थांबत नाहीत. व्यायामामुळे जास्तीचं काय गेलं, तर १४३ उणे ४०, म्हणजे शंभराच्या आसपास. काही घड्याळांत ‘टोटल’ आणि ‘ॲक्टिव्ह’ असे दोन आकडे असतात ते याचसाठी. ‘टोटल’मध्ये बसून राहण्याचे ४० धरलेले असतात, ‘ॲक्टिव्ह’मध्ये नसतात. तुमच्या वहीत कुठला उतरलाय ते बघून घ्या.

आणि हे शंभरही जरा सैलच. दर किलोला तासाला एक कॅलरी हे प्रमाण सगळ्यांना लागू पडत नाही. २००५ मध्ये ७६९ जणांवर मोजणी झाली तेव्हा सरासरी ०.८४ च भरली. वय वाढलं, अंगात चरबीचं प्रमाण वाढलं, की ती कमी होते. तेव्हा तुमचा व्यायाम रोज ८० ते १०० कॅलरी जास्तीच्या खर्च करतो असं धरा. ज्या दिवशी खरोखर दम लागेल, बोलता येणार नाही, त्या दिवशी दीडशे.

४१२ वाचायची सवय लागलेल्या डोळ्यांना हा आकडा फार लहान वाटेल, मला कळतंय. पण तुमचे ते हरवलेले नऊ किलो शोधायला आपल्याला तोच उपयोगी पडणार आहे. आठ महिने म्हणजे ३४ आठवडे, पाच दिवसांप्रमाणे १७० वेळा व्यायाम. दर वेळी १०० धरले तर १७,०००. एक किलो चरबीमागे ७,७०० कॅलरी हा जुना ढोबळ नियम, तुम्हीही तोच लावला असणार, कारण ६८,००० ला ७,७०० ने भागलं की तुमचे जवळजवळ नऊ किलो येतात. १७,००० ला भागलं की येतात २.२ किलो. त्यातून रविवारच्या पोहे-जिलबीतलं नेहमीच्या न्याहारीपेक्षा जास्तीचं वजा करा. उरतो तुमचा दीड किलो. आठ महिन्यांत तुमच्या शरीराने काहीही चोरलेलं नाही. जेवढं केलंत त्याचं माप चोख पदरात पडलंय, फक्त वहीतला आकडा चौपट फुगलेला होता. आणि हा नियम लांबच्या हिशेबाला जरा जास्तच उदार आहे, कारण वजन उतरू लागलं की शरीर आपला खर्चही थोडा आवरतं. त्यामुळे तुमचा दीड किलो मी कमी मानत नाही.

मग घड्याळ इतकं वर का गेलं? मला आधी एक शंका आहे, ती आजच तपासा. घड्याळ मुलाचं होतं. त्यातली माहिती कुणाची भरलेली आहे? मोबाइलमधल्या त्याच्या ॲपमध्ये जा, प्रोफाइल उघडा, वय, वजन, उंची आणि स्त्री की पुरुष हे बघा. तिथे अजून तिशीतला ऐंशी-पंच्याऐंशी किलोचा मुलगाच बसलेला असेल, तर आठ महिने घड्याळाने तुमचा घाम त्याच्या नावे मोजला. पुरुषाचं आणि जास्त वजनाचं गणित वेगळं, आकडा फुगणारच. घरातलं घड्याळ एकाकडून दुसऱ्याकडे गेलं की पट्टा बदलतात, प्रोफाइल बदलायची राहून जाते. वजन बदललं की दर दोन-तीन महिन्यांनी तेही तिथे बदलत जा.

प्रोफाइल दुरुस्त केल्यावर आकडा उतरेल, पण एकदम अचूक होईल असं समजू नका. २०१७ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात साठ जणांच्या मनगटावर सात प्रकारची यंत्रं बांधून तपासणी केली. हृदयाचे ठोके मोजण्यात सातांपैकी सहा यंत्रं पाच टक्क्यांच्या आत चुकत होती, म्हणजे उत्तम. कॅलरींमध्ये मात्र सगळ्यात चांगलं यंत्रही सरासरी २७ टक्के चुकलं आणि सगळ्यात वाईट ९३ टक्के. त्यानंतर घड्याळं सुधारली असतील, पण मूळ अडचण तीच राहते : ठोके मोजता येतात, ठोक्यांवरून कॅलरी काढायची म्हणजे पुन्हा अंदाज.

कारण ठोके फक्त श्रमाने वाढत नाहीत. मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशीच्या वर जातो, पंखा असलेल्या खोलीतसुद्धा तोच व्हिडिओ करताना हृदय जास्त धावतं, कारण त्याला अंग गार ठेवायला कातडीकडेही रक्त पाठवायचं असतं. झोप अपुरी झाली, सकाळी कडक चहा झाला, पाणी कमी प्यायलं, मुलाचा फोन आला नाही म्हणून जीव टांगणीला लागला, तरी ठोके वाढतात. घड्याळ या सगळ्याला व्यायाम समजतं. शिवाय ते हिरवा प्रकाश कातडीवर टाकून रक्ताची लाट बघतं. पट्टा सैल असेल, वर-खाली बांगड्या सरकत असतील, तर तो प्रकाश विचलित होतो आणि कधीकधी हात हलवण्याची लयच ठोके म्हणून मोजली जाते. व्यायामापुरतं घड्याळ मनगटाच्या हाडापासून बोटभर वर, घट्ट बांधा. बांगड्या त्या हातात नकोत, किंवा दुसऱ्या हाताला बांधा.

या आठ महिन्यांत एक नुकसान मात्र खरंच झालं, आणि मला त्याचं फार वाईट वाटलं. तुम्ही डंबेल्स सोडले. घड्याळ दीडशे दाखवतं म्हणून सोडले.

बाई, ५३ व्या वर्षी तुमच्या शरीराला सगळ्यात जास्त गरज त्याच व्यायामाची आहे! पाळी थांबल्यावर हाडं पातळ होण्याचा वेग वाढतो. चाळिशीनंतर वापर नसलेला स्नायू हळूहळू कमी होत जातो. उद्या सत्तराव्या वर्षी जमिनीवरून उठताना कुणाचा हात धरावा लागेल की नाही, गणपतीत पाट उचलता येईल की नाही, पाय घसरला तर नुसतं खरचटेल की हाड मोडेल, हे पुष्कळसं आता तुमच्या मांड्यांत, पाठीत आणि दंडांत किती ताकद साठते यावर ठरणार आहे. रक्तातली साखर वापरणारं सगळ्यात मोठं कोठार म्हणजे स्नायू. या गोष्टी कॅलरीच्या आकड्यात दिसत नाहीत. वजन उचलताना मध्ये थांबावं लागतं, ठोके खाली येतात, आणि घड्याळाला वाटतं तुम्ही विश्रांती घेताय. ज्या व्यायामाला घड्याळ कमी गुण देतं तो व्यायाम कमी मोलाचा, असा हिशेब झाला आणि तिथेच वही तुमच्यावर उलटली. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये दिलेल्या सूचनांत प्रौढांसाठी आठवड्याला मध्यम जोराची १५० ते ३०० मिनिटं सांगितली आहेत, आणि त्याबरोबर किमान दोन दिवस ताकदीचा व्यायाम. तो ‘त्याबरोबर’ आहे, पर्याय म्हणून नाही.

तेव्हा पाच दिवसांतले दोन दिवस डंबेल्सना परत द्या. दोन-दोन किलोंचे नसतील तर एक-एक लिटर पाण्याच्या बाटल्यांनी सुरुवात करा. खुर्चीवर बसणं-उठणं, भिंतीला टेकून जोर, हात डोक्यावर नेणं, एवढं पुरे. शेवटच्या दोन-तीन वेळा जड गेलं पाहिजे. रक्तदाब आहे म्हणून एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा : वजन उचलताना श्वास रोखायचा नाही. उचलताना सोडायचा, खाली आणताना घ्यायचा. आणि कोट्याच्या फरशीवर अनवाणी करू नका, बूट घाला.

४६० चे ४१२ का झाले, हे विचारलंत. शरीर आळशी झालेलं नाही, उलट तयार झालंय. सुरुवातीला जो व्हिडिओ करताना हृदय मिनिटाला १४० वेळा धडधडायचं, तो आता १२५ मध्ये भागत असेल. एका ठोक्यात जास्त रक्त ढकललं जातंय. काम तेच, प्राणवायू जवळपास तेवढाच, पण ठोके कमी, आणि ठोक्यांवर चालणारं घड्याळ म्हणतं कॅलरी कमी. म्हणून तुमच्या वहीतल्या या उतारावर मी तरी हिरव्या शाईची रेघ मारली असती. आता व्हिडिओत थोडा जोर वाढवा, एखादा दिवस वेगळा घ्या.

रविवारच्या पोह्यांकडे येते. मीही इंदूरचीच, त्यामुळे पोहे सोडा असं माझ्या तोंडून निघणार नाही. आपल्याकडचे पोहे वाफेवरचे, तेल बेताचं. ५५-६० ग्रॅम कोरड्या पोह्यांचे २०० धरा, चमचाभर तेलाचे ४५. वरच्या जीरावन मसाल्याचं काही नाही. खरी भर शेवेची. तळलेल्या बेसनाच्या शंभर ग्रॅमात पाचशेच्या वर कॅलरी असतात, त्यामुळे वर भुरभुरलेली मूठभरसुद्धा शंभर पार करते. आणि पाकातली जिलबी प्रत्येकी शंभराच्या वर. दोन जिलब्यांसकट ती प्लेट साडेपाचशेच्या पुढे गेली, म्हणजे तुमच्या पाच दिवसांच्या जास्तीच्या श्रमाएवढं एका बैठकीत ताटात आलं.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे, व्यायामाची वही आणि ताटाचा हिशेब यांची गाठ तोडा. व्यायामाने किती जाळलं हे कोणी नेमकं सांगू शकत नाही, आणि ताटात किती आलं हे सांगताना आपला हात आखडता असतो. दोन्ही चुका एकाच दिशेच्या. फुगलेल्या आकड्यातून आकसलेल्या आकड्याची वजाबाकी केली की शिल्लक नेहमी आपल्या बाजूने दिसते, काटा मात्र हलत नाही. रविवारी पोहे खायचे ते पोहे आवडतात म्हणून खा. कमावले म्हणून खाऊ नका. जिलबी एक घ्या, शेव चिमटीने घ्या आणि मंगळवारपर्यंत त्याचा विचार करू नका. वजन उतरवायचंच असेल तर रोजच्या तेलातून आणि दुपारच्या चहा-फरसाणातून लवकर उतरेल. मोठा चमचाभर तेल म्हणजे १२० कॅलरी, तुमच्या एका सकाळपेक्षा जास्त. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये बैठी कामं करणाऱ्या ५५ किलोच्या बाईसाठी दिवसाला १,६६० कॅलरी धरल्या आहेत. त्यात रोज चारशे ‘कमावले’ म्हणून वाढवले तर काय होईल, तुम्हीच बघा.

वहीची नवी आखणी अशी करा. तारीख, व्हिडिओ आणि खरी हललेली मिनिटं, म्हणजे गाडी, फोन, दारावरची बेल वजा करून. त्यापुढे दम, आणि तो घड्याळाने नाही, स्वतःच्या आवाजाने मोजायचा. व्यायाम चालू असताना भीमरूपीची दोन कडवी सुरात म्हणता आली तर ‘हलका’ लिहा. बोलता येतं पण गाता येत नाही, तर ‘मध्यम’. दोन-चार शब्दांनंतर श्वास घ्यावा लागतो, तर ‘जोराचा’. ही साधी परीक्षा डॉक्टरही सांगतात आणि ती मे महिन्यातही बिघडत नाही. डंबेल्सच्या दिवशी मिनिटांऐवजी वजन आणि किती वेळा ते लिहा. शेऱ्याचा रकाना आहे तसाच राहू द्या.

कॅलरी लिहायची हौस असेल तर रोज नको, आठवड्याच्या शेवटी पेन्सिलने, एका आकड्याऐवजी दोन आकड्यांत : ‘४०० ते ५००’. घड्याळाचा आकडाही हवा तर लिहा, पण तो त्याच व्हिडिओच्या मागच्या महिन्याच्या आकड्याशीच ताडून बघा. घरातली आमटीची वाटी दुकानातल्या मापाशी जुळत नाही, तरी रोज त्याच वाटीने तांदूळ घेतले की भात रोज तेवढाच होतो. घड्याळ ही तुमची वाटी. शेजारणीच्या वाटीशी, व्हिडिओवरच्या पाचशेशी तिची तुलना करायची नाही.

दर रविवारी पोह्यांच्या आधी कंबर मोजा. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सहज सोडून, टेप न आवळता. आपल्याकडच्या बायकांसाठी ८० सेंटिमीटर ही सावध राहण्याची रेघ मानतात. महिन्यातून एकदा, हात न टेकता तीस सेकंदांत खुर्चीवरून किती वेळा उठता आलं ते मोजा. हा आकडा वाढताना बघायला फार आनंद होतो, आणि तो कुणाच्या प्रोफाइलवर अवलंबून नाही.

मिनिटांचं म्हणाल तर तुमच्या २६ मिनिटांचे पाच दिवस म्हणजे १३० होतात, दोन दिवस डंबेल्सना गेले की ७८. उरलेली ७०-७५ चालून भरा. पिपल्यापाल्याचं रिजनल पार्क तुमच्या बाजूलाच आहे, यजमानांना बरोबर घ्या, आठवड्यातून दोनदा संध्याकाळी ३५-४० मिनिटं. कचरागाडी रोज साधारण एकाच वेळी येत असेल तर ती गेल्यावर व्हिडिओ लावा.

व्यायाम करताना छातीत दाब, जबड्यात किंवा हातात कळ, एकदम अंधारी आली तर व्हिडिओ पुरा करायचा नाही, लगेच डॉक्टर.

शेवटी तुमची ती गोळी. पाकिटावरचं नाव बघा. रक्तदाबाच्या काही गोळ्या हृदयाचे ठोके मुद्दाम कमी ठेवतात, त्यांच्या नावाचा शेवट बहुधा ‘लोल’ असा असतो, उदाहरणार्थ मेटोप्रोलोल, ॲटेनोलोल. तुमची गोळी त्यातली असेल तर कितीही दमलात तरी ठोके फार चढणार नाहीत. मग ठोक्यांवरचा कुठलाही आकडा, घड्याळाचा किंवा जास्तीत जास्त ठोके काढायच्या ‘२२० उणे वय’ या सूत्राचा, तुमच्या कामाचा नाही. गोळी मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका. पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाल तेव्हा वही बरोबर न्या, डंबेल्स परत सुरू करतेय हे सांगा, आणि गोळीचं नाव मला कळवा, म्हणजे ठोक्यांचा रकाना ठेवायचा की काढायचा ते ठरवू.